अंथरूण आणि ओझें

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. आणि ती ऐकतांना आपल्या डोळ्यांसमोर अंथरूण कधींच येत नाहीं, येतो तो घरचा जमाखर्च. परंतु ज्याला एखादी रात्र डोंगरावर किंवा समुद्रकांठीं उघड्या भूमीवर काढावयाची असते, त्याला ही म्हण अक्षरशः घ्यावी लागते. त्याला खरोखरच अंथरूण पाहावें लागतें. आणि तें स्वतःच्या पाठीवरून न्यावयाचें असल्यामुळें पाय पसरण्यापूर्वीं खांद्यांचाही विचार करावा लागतो.

मालवण-वेंगुर्ल्याकडील आमच्या घरांत जमिनीवर निजणें ही नवलाई नव्हे. शेणानें सारवलेली जमीन, तीवर चटई, चटईवर वाकळ आणि उशाला हाताची घडी, एवढ्या संसारावर मागच्या पिढ्यांनीं सुखानें झोपा काढल्या. डोंगराकडच्या धनगराला तर एक घोंगडी सर्व कामांना पुरते: पावसांत ती डोक्यावर, थंडींत अंगावर आणि रात्रीं अंगाखालीं. मग एका रात्रीच्या मुक्कामासाठीं दुकानांत जाऊन हलकें अंथरूण विकत घेण्याचें हें खूळ कोठून आलें, असें वडीलधाऱ्या माणसांनीं विचारलें, तर त्यांचा प्रश्न हंसून उडवून लावतां येणार नाहीं. त्याला सरळ उत्तर द्यावयास हवें.

पहिलें उत्तर असें कीं, अंथरुणाचें मुख्य काम मऊपणा देणें हें नव्हेच. रात्रीं शरीराची ऊब दोन वाटांनीं निघून जाते: वरून वाऱ्यानें व दंवानें, आणि खालून भूमीनें. वरची वाट पांघरुणानें अडवितां येते. खालच्या वाटेवर मात्र पांघरुणाचा इलाज चालत नाहीं. कारण अंगाखालीं सांपडलेला त्याचा भाग देहाच्या भारानें चेपला जातो व त्यांतील हवा निघून जाते. ऊब राखण्याचें सामर्थ्य लोकरींत किंवा कापसांत जितकें असतें, त्याहून अधिक त्यांच्या तंतूंमध्यें अडकून पडलेल्या स्थिर हवेंत असतें. हें आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें म्हणवत नाहीं. गीतेच्या सहाव्या अध्यायांत योग्याचें आसन सांगितलें आहे. त्यांत तळाशीं दर्भ, त्यावर मृगाजिन आणि त्यावर वस्त्र अशी रचना आहे. शिवाय तें आसन फार उंच नसावें व फार सखलही नसावें, असा इशाराही आहे. हलक्या अंथरुणांच्या कारखानदारांनीं गेल्या अर्धशतकांत जें केलें, तें या दर्भाच्या थराला अधिक हलकें व टिकाऊ रूप देणें, एवढेंच होय.

आतां भूमीकडे वळूं. आमच्या भागांत एका दिवसाच्या वाटेवर तीन प्रकारची भूमि भेटते. तारकर्ली-भोगव्याकडील किनाऱ्यावर वाळू. तेथून वर आलें कीं जांभ्या दगडाचा उघडा सडा. आणि सह्याद्रीच्या माथ्यावर एखाद्या जुन्या देवळाची दगडी जमीन. वाळू ही मुळांतच उदार. खांदा व खुबा जेथें येणार तेथें हातानें दोन उथळ खळगे केले कीं तीच गादी होते. किनाऱ्यावर हिवाळ्यांतही थंडी बेताचीच. परंतु दंव असें पडतें कीं पहांटे पांघरूण ओलें लागावें. शिवाय ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षां कितीतरी लवकर ऊब ओढून घेते. म्हणून भरतीच्या रेषेच्या पुष्कळ वर, सुरूच्या बनाच्या आडोशाला पथारी टाकावी. मात्र हिवाळ्यांत याच कोरड्या पट्ट्यांत ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें अंडीं घालावयास येतात, आणि वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर त्यांच्या घरट्यांची राखण केली जाते. तेथें आधीं गांवांत विचारावें, आणि राहूं दिलें तर दिवा मालवून निजावें. त्या वाळूवर पहिला हक्क त्यांचा. सड्यावरचा आणि देवळांतला दगड मात्र कोणासाठींही खळगा करून देत नाहीं. तेथें माणसाला आपल्या हाडांची मोजदाद होते.

दुकानांत अंथरुणाच्या तीन जाति मिळतात. पहिली साध्या फोमची. हिला आपल्याकडील गडकोट हिंडणारी मंडळी ‘कॅरीमॅट’ म्हणतात. हिच्यांतील प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र व बंद असतो, म्हणून ती पाणी पीत नाहीं, आणि कांटा लागला तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं. वजन २५० ते ४५० ग्रॅम, जाडी १ ते २ सेंटीमीटर. ती जागा फार व्यापते, म्हणून सॅकच्या बाहेर बांधावी लागते. आणि दगडावर हाडांना फारसा दिलासा देत नाहीं. दुसरी आपोआप फुगणारी. अमेरिकेंतील सिएटल शहरीं, बोइंगच्या विमान-कारखान्यांत पूर्वीं काम केलेल्या अभियंत्यांनीं १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ही तयार केली. स्पंजासारखा फोम हवाबंद वेष्टनांत कोंडलेला असतो. तोटी उघडली कीं तो स्वतःच श्वास घेऊन फुगतो. ही आरामशीर खरी, पण बहुधा अर्धा किलोच्या वर भरते. तिसरी निव्वळ हवेची. जाडी ५ ते १० सेंटीमीटर, वजन ३५० ते ६०० ग्रॅम, आणि घडी करून पाण्याच्या तांब्याएवढी होणारी. परंतु करवंदीचा एक कांटा तिचा सगळा दिमाख उतरवूं शकतो. म्हणून ठिगळाचें सामान सोबत ठेवावें. छिद्र सांपडत नसेल तर गादी पाण्यांत दाबून धरावी. बुडबुडे जागा दाखवितात. तोंडानें फुगविल्यास श्वासांतील ओल आंत सांठते, त्यापेक्षां सोबत मिळणाऱ्या पिशवीनें हवा भरणें बरें. आणि ती तबल्यासारखी ताणूं नये. कुशीवर निजल्यावर खुबा जरा रुतावा, पण जमिनीस टेकूं नये, इतकीच हवा ठेवावी.

या मालावर ‘आर’ असें अक्षर व पुढें एक अंक छापलेला असतो. उष्णता खालीं जाण्यास अंथरूण किती विरोध करतें, याचें तें माप. पूर्वीं प्रत्येक कारखानदार तें आपल्याच रीतीनें मोजी. २०१८ सालीं एएसटीएम या अमेरिकन मानकसंस्थेनें मोजणीची एक रीत ठरवून दिली, तेव्हांपासून दोन मालांची तुलना करणें सोपें झालें. फोमच्या चांगल्या चटईचा अंक २ च्या आसपास असतो; आंत कांहींच नसलेल्या हवेच्या गादीचा त्याहून कमी, कारण तिच्या पोटांतील हवा स्थिर न राहतां फिरते व ऊब खालीं पोंचविते. बर्फावर निजणाऱ्यास ४-५ किंवा त्याहून अधिक लागतो. आमच्या किनाऱ्याला १ पुरे. सुमारें ६९० मीटर उंचीवरील आंबोलीच्या हिवाळ्याला २ ते ३ असल्यास निश्चिंतपणें झोप लागते. अंथरुणें एकावर एक घातलीं तर त्यांच्या अंकांची बेरीज होते, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

एवढी माहिती असूनही हलक्या अंथरुणाचा खरा अर्थ मला समजला, तो माझ्या थोरल्या बहिणीमुळें. आक्काचें वय पासष्ट. उताणें निजलें तर तिला झोप येत नाहीं, आणि कुशीवर निजलें तर खुबा दुखतो. कुडाळ तालुक्यांतील नारूरकडून रांगणा चढावा, रांगणाईच्या देवळांत एक रात्र राहावें आणि सह्याद्रीवरची पहांट पाहावी, अशी तिची फार वर्षांची इच्छा होती. संसारानें ती पुढें ढकलली, आणि संसार हातावेगळा झाला तों खुबा आडवा आला. माझे भाचे गुणाचे, ते म्हणाले, “आई, घरची गादी आम्ही आळीपाळीनें वर नेऊं. तूं नुसती चाल.”

आक्का म्हणाली, “माझें अंथरूण तुमच्या पाठीवर असलें, तर वाटभर मी तुमचा दमच मोजत बसेन. मग डोंगर कोण बघणार? मला माझें नेतां येईल तेवढेंच न्यायचें आहे. नाहीं नेतां आलें, तर मी नारूरलाच थांबेन.”

त्या वाक्यांत हट्ट नव्हता. ज्या बाईनें चाळीस वर्षें घरच्या सर्वांचीं अंथरुणें घातलीं व काढलीं, ती आतां कोणाचें ओझें होण्यास तयार नव्हती, इतकेंच. आम्ही दुकानांत गेलों. विक्रेता अंक सांगूं लागला. आक्का पदर खोंचून सरळ दुकानाच्या फरशीवर निजली. फोमच्या चटईवर दहा मिनिटांत तिचा खुबा बोलूं लागला. हवेच्या सर्वांत हलक्या गादीवर कूस बदलली कीं कागद चुरगळल्यासारखा आवाज होई. “शेजारचीं माणसें जागीं होतील,” म्हणून तिनें ती बाजूला सारली. शेवटीं तिनें घेतली ती जरा रुंद, ८ सेंटीमीटर जाडीची व ५५० ग्रॅम वजनाची. मी म्हणालों, “आक्का, हिच्यापेक्षां ती दीडशें ग्रॅमनीं हलकी आहे.” ती म्हणाली, “तें वजन मी दुसरीकडे काढीन.” आणि घरच्या तराजूशीं बसून तिनें तें काढलें: पितळेचें फुलपात्र, दुसरें जाड पातळ, स्टीलचा डबा. सगळी सॅक मिळून साडेपांच किलो भरली. एक ग्रॅमही तिनें मुलांकडे दिला नाहीं.

चढण उभी होती. आम्ही पुष्कळ वेळां बसलों. रात्रीं देवळाच्या दगडावर माझी फोमची चटई खालीं आणि तिची हवेची गादी वर, अशी रचना मीं सुचविली. ती तिनें मान्य केली नाहीं. “मग तूं कशावर निजशील?” एवढाच तिचा प्रश्न. रिकामी सॅक मात्र तिनें पायांखालीं घेतली. मध्यरात्रीं मला जाग आली तेव्हां भाचे कुशी बदलीत होते, माझीही पाठ दगडाशीं वाद घालीत होती. आणि आक्का मात्र लहान मुलासारखी कुशीवर निजली होती. पहांटे आमच्या आधीं उठून, गादीची हवा काढून, तिची घडी सॅकमध्यें ठेवून ती बाहेर जाऊन बसली होती.

तरुणाला हलकें अंथरूण म्हणजे चार मैल अधिक चालण्याची सोय. उतारवयांतल्या माणसाला तें चालायला मिळावें कीं नाहीं, याचाच निकाल त्यावर लागतो. म्हणून घरांतील कोणा वडील माणसास अशी इच्छा असेल, तर ‘आम्ही नेऊं’ असें म्हणण्याची घाई करूं नये. त्यांना दुकानांत न्यावें, फरशीवर वीस मिनिटें निजूं द्यावें, आणि घरीं तराजू त्यांच्यापुढें ठेवावा. काय ठेवावें व काय टाकावें, हें त्यांना आपल्याहून अधिक कळतें.