चोरटी हवा

वडिलांमागे उरली ती त्यांची १९७८ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी. हौसेने त्यांनी तिला परका कार्ब्युरेटर बसविलेला. उभी राहिली की ती हिवताप भरल्यासारखी थरथरे. अमरावतीत एकाने डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी आधी पाडली. (आमच्याकडे निदानाआधी उपचार होतो.) थरथर कमी झाली, पण चढावर इंजिन ठोकू लागले. भाऊ म्हणाला, "भंगारात देऊ."

अकोल्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने कार्ब्युरेटरच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडले. थरथर क्षणभर निवळली!

"गुरुजी, हे तं हवा खाऊन रायली, ठिणगीले कायले दोष देता?"

चोरट्या हवेने मिश्रण पातळ होते, सावकाश जळते. म्हणूनच आधीची ठिणगी तिला मानवली होती. त्याने पॅकिंग बदलले, पॉइंट घासले, मगच टायमिंग मागे आणले.

परतताना मूर्तिजापूरला चहा घेतला, इंजिन चालूच ठेवून. भावाने कपबशी बॉनेटवर ठेवली. वाजली नाही.