गहाण पडलेली वर्षे

एनबीएमध्ये एखादा मोठा खेळाडू संघ बदलतो तेव्हा चर्चा दोन आकड्यांभोवती फिरते: तो सामन्यागणिक किती गुण काढतो आणि त्याचा पगार किती. ट्रेडची जोखीम मोजायला हे दोन्ही आकडे अपुरे आहेत. महागड्या खेळाडूपायी संघ सर्वांत जास्त गमावतो ती पुढची चूक दुरुस्त करण्याची ताकद. म्हणून तो कसा खेळेल याआधी, हा डाव फसला तर आपल्या हाती काय उरेल, हे संघाने विचारायला हवे. आयपीएलमध्ये लिलावात महाग पडलेला खेळाडू हंगामानंतर मोकळा करता येतो आणि ती रक्कम पुढच्या लिलावासाठी परत हाताशी येते. एनबीएतल्या बड्या खेळाडूंच्या करारांतली रक्कम बहुतेक हमीची असते. खेळाडू जायबंदी झाला किंवा त्याचा खेळ उतरला तरी ती द्यावी लागते आणि सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या पगारखर्चावरच्या मर्यादेच्या, हिशेबातही धरली जाते.

फिनिक्स सन्सचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण तिथे मुख्य खेळाडू अपयशी ठरलाच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी ब्रुकलिन नेट्सकडून केव्हिन ड्युरंटला आणले. बदल्यात मिकाल ब्रिजेस आणि कॅम जॉन्सन हे ऐन उमेदीतले खेळाडू दिले, शिवाय पहिल्या फेरीचे चार ड्राफ्ट पिक, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याचे हक्क, तेही विनाअट. पुढच्या पूर्ण हंगामात, वयाच्या पस्तिशीत, ड्युरंट ७५ सामने खेळला आणि त्याची सरासरी २७ गुणांच्या वर राहिली. दरम्यान ब्रॅडली बील आला होता. त्याचा करार पाच वर्षांचा, सुमारे २५ कोटी १० लाख डॉलरचा, आणि त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही, असे कलम त्यात होते. २०२४ च्या प्लेऑफमध्ये मिनेसोटाने सन्सला पहिल्याच फेरीत ४-० असे हरवले. पुढच्या हंगामात ३६ विजय, ४६ पराभव आणि प्लेऑफही नाही. संघात उणिवा होत्या हे सगळ्यांना दिसत होते, पण त्या भरून काढायच्या कशाने? २०२३ च्या नव्या कामगार करारानुसार पगारखर्च ‘सेकंड एप्रन’च्या वर गेला (२०२४-२५ मध्ये ही रेषा सुमारे १८ कोटी ८९ लाख डॉलरवर होती) की दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही आणि सात वर्षांनंतरचे पहिल्या फेरीचे पिक ट्रेडसाठी गोठते. पिक आधीच देऊन झालेले, पगार जोडायला बंदी आणि बीलच्या ट्रेडची किल्ली बीलच्याच हातात. संघाला तीन बाजूंनी कुलूप लागले होते.

यावर पहिला आक्षेप टोरांटोचा येतो, आणि तो वजनदार आहे. २०१८ मध्ये टोरांटोने लाडका डिमार डिरोझन देऊन कवाय लेनर्ड घेतला. दुखापतीमुळे लेनर्ड आधीच्या हंगामात केवळ ९ सामने खेळला होता आणि वर्षभरात निघून जाईल अशी शक्यता होती. तो २०१९ मध्ये विजेतेपद देऊन गेलाही. वरवर पाहता याहून मोठा जुगार नाही. पण त्या ट्रेडची मांडणी पाहावी. दिलेले पिक एकच, आणि ते पहिल्या वीसांत आले तर टोरांटोकडेच राहणार होते. लाउरी, सियाकम, व्हॅनव्लीट संघातच राहिले. लेनर्ड गेल्यावरच्या हंगामात या संघाने ७२ पैकी ५३ सामने जिंकले. मोठी जोखीम होती ती लेनर्डच्या शरीराची, संघाच्या भवितव्याची फारशी नव्हती. या दोन जोखमी वेगळ्या आहेत आणि चर्चेत त्यांची सतत गल्लत होते.

दुसरा आक्षेप मिनेसोटाचा. २०२२ मध्ये रूडी गोबेअरसाठी त्यांनी पहिल्या फेरीचे चार पिक दिले, तेव्हा त्यांच्यावर सडकून टीका झाली. २०२४ आणि २०२५ मध्ये हाच संघ कॉन्फरन्स फायनलपर्यंत पोहोचला. मी या ट्रेडला चुकीचा म्हणणार नाही. अँथनी एडवर्ड्स तेव्हा नवोदिताच्या स्वस्त करारावर होता, म्हणून गोबेअरचा पगार पेलला. एडवर्ड्सचा मोठा करार सुरू होण्याच्या तोंडावर कार्ल-अँथनी टाउन्सला न्यूयॉर्कला पाठवून त्यांनी वाट काढली. ती वाट काढता आली, हेच माझे म्हणणे.

फिनिक्सला ती २०२५ च्या उन्हाळ्यात काढावी लागली. ड्युरंट ह्यूस्टनला गेला. बदल्यात आलेल्या गोष्टींत त्या वर्षीचे दहाव्या क्रमांकाचे पिक होते. ते मुळात फिनिक्सचेच, ड्युरंटला आणताना दिलेले आणि पुढे ह्यूस्टनकडे पोहोचलेले. बीलशी तडजोड करून त्याला मोकळे केले गेले. तो दुसऱ्या संघात गेला असला तरी २०२९-३० पर्यंत दरवर्षी सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर फिनिक्सच्या सॅलरी कॅपमध्ये त्याच्या नावावर पडत राहतील.