याहोरिनाचा बर्फ

स्कीइंग म्हटलं की स्वित्झर्लंड आठवतं, आणि स्वित्झर्लंड म्हटलं की आपण आपली पर्स मिटून टाकतो. पण मैत्रिणींनो, आपल्यासारखीच्या बेताच्या खर्चात बसेल अशी एक जागा युरोपात आहे, ती म्हणजे बोस्नियातलं साराजेव्हो. माझी नणंद व्हिएन्नाला नोकरीला असते. गेल्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले होते. शाळेत मी अर्धवेळच शिकवते, त्यामुळे रजेचं जमलं. मुलांना सासूबाईंनी सांभाळलं. "वहिनी, हॉटेलं-बिटेलं नकोत. पाठीवर सॅक टाकू आणि रात्रीच्या बसने जाऊ," ती म्हणाली, आणि निघालो की आम्ही!

हे गाव चहूबाजूंनी डोंगरांच्या ओंजळीत बसलेलं आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये इथे हिवाळी ऑलिंपिक भरलं. उतारावरच्या शर्यती पुरुषांच्या ब्येलाश्नित्सा डोंगरावर झाल्या आणि बायकांच्या याहोरिनावर. पुढे आठच वर्षांनी, एप्रिल १९९२ मध्ये, गावाभोवतीच्या डोंगरांवरून गावावर तोफा सुरू झाल्या. वेढा उठायला फेब्रुवारी १९९६ उजाडलं. २०१२ साली, वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा, मोठ्या रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या रिकाम्या मांडल्या होत्या. मेलेल्या माणसागणिक एक. त्यांत लहान मुलांसाठी छोट्या खुर्च्याही होत्या.

आम्ही उतरलो ते जुन्या बाजारपेठेजवळ, एका बाईंच्या घरी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, आणि त्याही शिक्षिका! मग काय, ओळख व्हायला वेळ लागला नाही. लांब दांड्याच्या पितळी भांड्यातून त्यांनी कॉफी ओतली. आमच्या गप्पांत एक गंमत कळली. त्यांच्या भाषेत दुकानाला 'दुचान', साबणाला 'सापून' आणि बदामाला 'बादेम' म्हणतात. तुर्कांबरोबर हे शब्द तिकडे गेले, आणि फारसीबरोबर आपल्याकडे आले.

"उद्या याहोरिनावर जाणार," असं नणंदेने सांगितलं तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं झालं. ज्या डोंगरांनी ह्यांचं बालपण खाल्लं, तिथे आपण मजा करायला जायचं? मी तसं विचारूनच टाकलं. त्या हसल्या. वेढा पडला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. शाळा भरायची ती इमारतीच्या तळघरात. जवळपास राहणारे शिक्षक येत, मिळेल त्या कागदाच्या पाठीवर मुलं लिहीत. "वर्ष वाया गेलं नाही माझं," त्या म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी आपल्या शाळेतल्या एखाद्या कडक बाईंसारखा झाला. त्याआधी वडील त्यांना याहोरिनावर स्की शिकवायला नेत. वडील १९९३ मध्ये गेले. आता त्यांची मुलगी दर शनिवारी वर जाते. "पैसे मी देते. मी मात्र जात नाही," एवढंच बोलून त्या उठल्या आणि आम्हां दोघींसाठी लोकरीचे हातमोजे घेऊन आल्या.

याहोरिना गावापासून तीसेक किलोमीटर. वाटेत पाले हे छोटं शहर लागतं. युद्धात बोस्नियन सर्बांचं मुख्य ठाणं इथेच होतं. १९९५ च्या डेटन करारानंतर देश एकच राहिला, पण कारभाराचे दोन भाग झाले, आणि याहोरिना पडला दुसऱ्या भागात. रस्त्यात चौकी नाही की फाटक नाही. फक्त पाट्यांवरची अक्षरं बदलतात.

आता खेळाविषयी. बूट, स्की, काठ्या, सगळं वर भाड्याने मिळतं. ऑस्ट्रियातल्या खर्चाच्या साधारण निम्म्यात आमचं भागलं. पैसे इथे 'मार्क'मध्ये. एका युरोला दोनाहून किंचित कमी. पाणी न शिरणारी विजारही भाड्याने घ्याच, जीन्स घालून बर्फात बसलात तर तासाभरात पोतेरं होतं! आणि बसावं लागतंच. बूट म्हणजे पायात लोखंडी खलबत्ते. शिकवणाऱ्या मुलाचं म्हणणं एकच : टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे पुढे. असं केलं की वेग आवरतो. मी आवरला, पण आधी सात-आठ वेळा लोळून. पाच वर्षांची कार्टी शेजारून सुळकन निघून जात होती.

त्याने आणखी एक बजावलं, तेव्हा मात्र त्याच्या आवाजातली थट्टा गेली. आखलेल्या वाटा सोडून झाडीत शिरायचं नाही. ह्या देशात युद्धात पेरलेले सुरुंग अजून सगळे निघालेले नाहीत. कवटी काढलेली लाल पाटी दिसली की पाऊल मागे. देवदारांत इतका सुंदर, कुणीही न तुडवलेला बर्फ होता, की नणंदेला फोटोसाठी आत जायचा मोह होत होता. मी तिची बाही धरून ठेवली.

दुपारी सॅकमधल्या ठेपल्यांबरोबर तिथलं घेवड्याचं गरम कालवण घेतलं. लसणीची फोडणी असती तर आपलीच उसळ!

संध्याकाळी हातमोजे परत करताना बाईंनी विचारलं, "वरचा बर्फ कसा होता?" सकाळी भुसभुशीत, दुपारनंतर ओला, असं मी सांगितलं. नणंदेने फोनवरचे फोटो दाखवले. एका फोटोत मी पालथी पडलेली, तो पाहून त्या मनापासून हसल्या. मग त्याच फोटोतला मागचा उतार त्यांनी बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मुलीला हाक मारून काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. त्यांनी फोन परत दिला आणि कॉफीचं पाणी ठेवलं.