विजेची स्कूटर आणि मनुष्याची मूठ

मनुष्याच्या हाताचा एक स्वभाव फार जुना आहे. दोन दिवसांच्या अर्भकाच्या तळहातावर बोट ठेवा. तें बोट तें अर्भक घट्ट धरतें. झाडावर चढलेला मुलगा फांदी हलतांच तीच फांदी अधिक आवळतो. वैनगंगेच्या पात्रांत डोंगा डोलूं लागला कीं उतारूचा हात आपोआप डोंग्याच्या कांठाकडे जातो. भय वाटलें कीं मूठ आवळते. हें कोणास शिकवावें लागत नाहीं, आणि ‘असें करूं नको’ म्हणून सांगितल्यानें तें सुटतही नाहीं. या साध्या गोष्टीचा आणि हल्लीं आपल्या गांवोगांवीं दिसूं लागलेल्या विजेच्या स्कूटरचा फार निकटचा संबंध आहे. तो विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली, हे आपले दोन्ही जिल्हे रानाचे. गांवें विखुरलेलीं, एस.टी.च्या फेऱ्या मोजक्या, आणि कित्येक गांवांपासून पेट्रोलचा पंप बराच दूर. अशा मुलखांत घरच्या विजेवर रात्रभरांत भरून निघणारी गाडी लोकांस प्रिय व्हावी यांत नवल तें काय! चंद्रपुराजवळ दुर्गापूर येथें जें औष्णिक वीजकेंद्र आहे, त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. ज्या जिल्ह्याचा कोळसा जळून दूरदूरच्या शहरांस उजेड मिळतो, त्या जिल्ह्यांतील शिक्षकानें, परिचारिकेनें किंवा दूधवाल्यानें त्याच विजेवर चार पैसे वांचविले, तर तें योग्यच होय. मी या गाडीचा निंदक नाहीं, हें प्रथमच सांगून ठेवतों. माझ्या घरीं ती आहे, आणि मूल, सावली, गडचिरोली या रस्त्यावर माझें बहुतेक जाणेंयेणें तिच्यावरूनच होतें. परंतु ज्या वस्तूवर आपण आपलीं मुलें बसवितों, ती वस्तु कशी चालते आणि कशी थांबते, हें समजून घेणें आपलें कर्तव्य नव्हे काय?

विजेच्या सर्वच दुचाकी एका जातीच्या नाहींत. जिच्या मोटरची शक्ति २५० वॅटांहून कमी आणि जिचा वेग ताशीं २५ किलोमीटरांच्या आंत, अशा हलक्या गाडीस आपल्या देशाचे नियम मोटरगाडीच समजत नाहींत. तिला नोंदणी नको, चालविणाऱ्यास परवाना नको. दुसरी जात याहून फार निराळी. बाजारांतील कांहीं स्कूटरींची मोटर ६,००० वॅटांहून अधिक शक्ति देऊं शकते, म्हणजे सुमारें आठ घोड्यांचें बळ, आणि त्या ताशीं ९० किलोमीटर वेगानें धांवतात. अनोळखी डोळ्यांस मात्र दोघी बहिणीच वाटतात. हँडल तसेंच, पायफळी तशीच, उजव्या हातांतील मूठही तशीच. एका मुठींत सायकलस्वाराच्या पायांएवढें बळ आणि दुसरींत आठ घोडे आहेत, हें मूठ पाहून कळत नाहीं.

त्यांतही विजेच्या मोटरचा एक विशेष असा आहे कीं, पेट्रोलच्या इंजिनास जोर येण्यास थोडा अवधि लागतो, तो हिला लागत नाहीं. इंजिन प्रथम गुरगुरतें, मग त्याच्या फेऱ्या वाढतात, मग चाकास ओढ मिळते. तेवढ्या वेळांत कान सावध होतो आणि हात आवरला जातो. विजेची मोटर उभ्या जागींच आपला पूर्ण पीळ चाकास देऊं शकते. शिवाय ती उभी असतांना अगदीं मुकी असते. गाडी बंद आहे कीं चालू आहे, हें कानास कळतच नाहीं. डोळ्यांनीं समोरच्या पाटीवरील चिन्ह पाहावें तेव्हांच तें कळतें.

आतां मुठीकडे वळूं. ही मूठ आपल्याकडे पिळली कीं गति वाढते आणि उलट सोडली कीं कमी होते. पण त्याच मुठीचा आपण आधार म्हणूनही उपयोग करतों. गाडीनें अकस्मात् झेप घेतली तर अंग मागें पडतें, हात ताणले जातात, मनगट खालीं झुकतें, आणि भ्यालेली मूठ आवळली जाऊन आणखी पिळली जाते. म्हणजे ज्या क्षणीं थांबावयाचें, त्याच क्षणीं आपला हात ‘आणखी पळ’ अशी आज्ञा देतो! जो आधार, तोच चाबूक, अशी ही विलक्षण योजना आहे. पेट्रोलच्या गाडींतही हा दोष होताच. परंतु त्या गाडीचा मंदपणा व तिचा आवाज यांनीं तो बराचसा झांकला जात असे. विजेनें तें पांघरूण काढून घेतलें.

हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. माझे एक मामा सिंदेवाहीकडे राहतात. त्यांनीं तीस वर्षें जुनी, गिअरची स्कूटर चालविली आणि अलीकडेच विजेची घेतली. गेल्या दिवाळीच्या सुट्टींत ते आणि मामी चार वर्षांच्या नातवास घेऊन बाजारांतून परतले. नातू पुढें पायफळीवर उभा होता. मामी फाटक उघडण्यास उतरल्या आणि म्हणाल्या, “अहो, आधीं बंद करा न ती गाडी.” मामा म्हणाले, “बंदच आहे न. आवाज तरी येतो काय?” इतक्यांत नातवानें आजोबांसारखीच मूठ पिळून पाहिली. गाडीनें झेप घेतली. पोर घाबरलें, पण त्यानें मूठ सोडली नाहीं. उलट अधिक घट्ट धरली. त्याच्या हातावर मामांचा तळहात होता, तोही आवळला गेला. मामांचा उजवा पाय जुन्या संवयीनें ब्रेक शोधीत पायफळीवर दाबला गेला. तेथें ब्रेक नव्हता. डावा हात मात्र जुन्या संवयीनेंच ‘क्लच’ म्हणून दांडी ओढता झाला. या गाडींत ती दांडी मागच्या चाकाच्या ब्रेकची असते, आणि ती ओढतांच मोटरचा वीजपुरवठा तुटतो. गाडी फाटकाच्या खांबास लागून थांबली. नातवाच्या हाताचें हाड मोडलें आणि सहा आठवडे प्लास्टर राहिलें. मामी एक पाऊल बाजूस सरल्या होत्या, म्हणून त्यांस कांहीं झालें नाहीं. त्या एका पावलाची आठवण आमच्या घरांत कोणी काढली कीं सगळे स्तब्ध होतात.

या प्रसंगांत दोष कोणाचा, याचा खल मी करीत नाहीं. मला त्यांत दोन बोध दिसले. पहिला असा कीं, हाताच्या संवयी यंत्राबरोबर बदलत नाहींत. १९७२ सालीं निघालेली बजाजची चेतक स्कूटर ज्यांनीं वापरली, त्यांच्या डाव्या हातांत क्लच व गिअर, आणि उजव्या पायाखालीं ब्रेक होता. त्याच नांवाची विजेची स्कूटर २०२० च्या जानेवारींत बाजारांत आली; तिच्यांत क्लच नाहीं, गिअर नाहीं, पायाचा ब्रेक नाहीं. नांव एक, पण हातापायांची भाषा निराळी. मामांच्या डाव्या हाताची जुनी संवय त्या दिवशीं उपयोगी पडली. पण भर वेगांत, पावसाळी रस्त्यावर, धानाच्या बांधीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनीं जेथें आणून टाकलेला असतो अशा ठिकाणीं, ‘क्लच’ समजून तीच दांडी जोरानें ओढली, तर मागचें चाक जागच्या जागीं जखडून गाडी घसरेल. म्हणूनच एका दांडीनें दोन्ही चाकांस ब्रेक लावण्याची योजना उपयुक्त ठरते. सव्वाशे सी.सी. पर्यंतच्या नव्या दुचाकींस अशी किंवा तिच्या तोडीची योजना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली, आणि विजेच्या स्कूटरींतही ती सामान्यतः आढळते.

दुसरा बोध असा कीं, चांगलें यंत्र तेंच, ज्यांत चुकलेला किंवा भ्यालेला हातही थांबण्याच्या दिशेनें जातो. मुंबईस ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी सुरू झाली. विजेच्या लोकल गाड्यांत चालकानें गतीची मूठ सतत दाबून धरावी लागते. त्यास मूर्च्छा आली आणि हात सैल पडला, तर ब्रेक आपोआप लागतात. तेथें सुटलेला हात म्हणजे थांबण्याची आज्ञा. पण लोकलचा चालक त्या मुठीचा आधार घेऊन उभा नसतो, स्कूटरवाला घेतो. तेव्हां केवळ ‘हात सुटला कीं गति बंद’ एवढ्यानें स्कूटरचें काम भागत नाहीं, कारण भयाच्या वेळीं हात सुटतच नाहीं.

या अडचणीचें एक उत्तर फार पूर्वीं निघालें होतें. अमेरिकेंत १९१५ सालीं ऑटोपेड नांवाची एक उभ्यानें चालविण्याची स्कूटर निघाली. तिचा हँडलाचा दांडा पुढें ढकलला कीं गाडी चाले, आणि मागें ओढला कीं गति तुटून ब्रेक लागे. विचार करा: गाडीनें झेप घेतली तर स्वार मागें पडणार, म्हणजे दांडा मागें ओढला जाणार, म्हणजे गाडी थांबणार! स्वाराचें भयच तेथें ब्रेकचें काम करी. ती गाडी फार वर्षें टिकली नाहीं. परंतु त्या दांड्यांतील कल्पना आजच्या कारागिरांनींही अभ्यासावी अशी आहे.

आजच्या स्कूटरींत मूठ आणि मोटर यांच्यामध्यें तार ओढणारें कांहीं नसतें. मुठींत एक लोहचुंबक फिरतो, आणि त्याच्याजवळील लहानसा तुकडा त्याप्रमाणें कमीअधिक विद्युद्दाब दाखवितो. हा गुण एडविन हॉल या अमेरिकन तरुणानें १८७९ सालीं, विद्यार्थी असतांनाच शोधून काढला. सामान्यतः मूठ मोकळी असतां हा दाब सुमारें एक व्होल्ट, आणि पूर्ण पिळली असतां सुमारें चार व्होल्ट असतो. शून्य आणि पांच मुद्दाम रिकामे ठेवलेले असतात. याचें कारण असें कीं, तार तुटली तर दाब शून्य होईल, तारा एकमेकींस चिकटल्या तर पांच होईल, आणि नियंत्रक यंत्र ओळखील कीं हा मनुष्याचा हुकूम नव्हे, हा बिघाड आहे. आणि तें मोटर बंद करील. अधिक काळजीनें केलेल्या गाड्यांत असे दोन तुकडे असतात, आणि दोघांची साक्ष जुळली तरच गति मिळते. न्यायाधीशानेंही याहून अधिक काय करावें?

तेव्हां गाडी घेतांना केवळ वेग आणि रंग पाहूं नये. मोकळ्या मैदानांत, जाणत्या मनुष्यास जवळ उभें करून, कांहीं गोष्टी अवश्य तपासाव्यात. ब्रेक धरल्यावांचून गाडी ‘चालू’ होते काय? ब्रेकची दांडी ओढतांच मोटरचा जोर तुटतो काय? बाजूचा स्टँड लावलेला असतां मूठ पिळली तरी गाडी निश्चल राहते काय? मागें जाण्याची सोय असेल, तर ती माणसाच्या चालीहून मंद आहे काय? उभी राहिल्यावर कांहीं वेळानें ती आपण होऊन बंद होते काय? मूठ सोडतांच ती विनाविलंब मूळ जागेवर परतते काय? आणि जिच्यांत सौम्य व तीव्र अशा निरनिराळ्या चाली आहेत, ती प्रत्येक वेळीं सौम्य चालीनेंच सुरू होते काय?

आपल्या मुलखासाठीं आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मे महिन्यांत चंद्रपूरचें ऊन ४७ अंशांच्याही पुढें जातें. बॅटरी किंवा मोटर फार तापली तर गाडी स्वतःचें बळ कमी करते. तें रक्षणासाठींच असतें. पण कोळशाचा किंवा लोहखनिजाचा ट्रक ओलांडीत असतां बळ अकस्मात् गेलें तर काय? म्हणून तशी सूचना समोरच्या पाटीवर आधीं आणि स्पष्ट मिळावयास हवी. दुसरें असें कीं, रानाच्या रस्त्यावर चितळ, रानडुकरें आणि गुरें एकाएकीं आडवीं येतात, आणि मुकी गाडी त्यांस आधीं सावध करीत नाहीं. मूठ सैल सोडतांच मोटर उलट वीज निर्माण करून गाडीचा वेग उतरविते. हा गुण येथें मोलाचा आहे. तथापि मुरमाच्या वळणावर तो अति तीव्र असूं नये. संध्याकाळीं तर वेग कमी ठेवणें हाच खरा ब्रेक.

पालकांस माझी विनंति आहे कीं, लहान मुलास पायफळीवर उभें करूं नये. गाडी उभी केली कीं, अर्ध्या मिनिटासाठीं कां होईना, ती बंद करावी आणि मगच कोणास उतरूं द्यावें. गाडी हातानें ढकलावयाची असेल तर ती बंद करूनच ढकलावी. पहिले आठ दिवस मनगट खालीं न झुकवितां चालविण्याचा आणि दोन बोटें ब्रेकच्या दांडीवर ठेवण्याचा सराव करावा; कारण भयाच्या क्षणीं बुद्धि उशिरां येते, संवय आधीं येते. मोटरगाडी कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणें अल्पवयीन मुलानें अशी गाडी चालवून अपराध केला, तर पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. परंतु कायद्याच्या भयापेक्षां मुलाच्या हाताडोक्याची काळजी अधिक मोठी आहे, हें सांगण्याची पालकांस गरज नाहीं. हेल्मेटही त्याच काळजीपोटीं डोक्यावर असावें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीं कोणी उद्यां यंत्रशास्त्र शिकेल, कोणी कारखान्यांत गाड्यांचे आराखडे काढील. त्या वेळीं मोटर किती बळकट करावी याबरोबरच, घाबरलेला आजोबा आणि चार वर्षांचा नातू यांचे हात त्या मुठीवर एकाच वेळीं पडले तर काय होईल, हाही प्रश्न कागदावर मांडा. मनुष्याची मूठ हजारों वर्षें जशी आहे तशीच राहणार. ती भ्याली कीं आवळणारच. बदलावयाचें तें यंत्रानें बदलावें. आणि तें बदलेपर्यंत सावध राहण्याचें काम आपण, म्हणजे चालविणाऱ्यांनीं व पालकांनीं, करावें.