नमुना

'नमुना' हा शब्द आपल्याकडे बऱ्याच कामांना येतो. शिंप्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेला कागदाचा साचा म्हणजे नमुना. तलाठ्याच्या दप्तरातला सातवा आणि बारावा नमुना एकत्र आला की आपला सातबारा होतो. आणि घरात कोणी जगावेगळे वागू लागले की त्यालाही आपण 'नमुना' म्हणूनच मोकळे होतो. गेल्या दिवाळीत या तिन्ही नमुन्यांची आणि माझी गाठ पडली.

आरंभ शाळेत झाला. कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून भेटवस्तूंच्या कागदी डब्या करून घ्यायच्या, असे मी ठरवले. हल्ली अशा डबीसाठी पट्टी-पेन्सिल घेऊन बसावे लागत नाही. तयार आकृती मिळते. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन जाड कागदावर ती छापून आणायची, की झाले. अखंड रेघ कापायची, तुटक रेघ दुमडायची, आणि कडेला जे छोटे कान ठेवलेले असतात त्यांना डिंक लावून ते आत चिकटवायचे. यात चुकायला जागा कुठे आहे, असे मला वाटले होते.

भूमितीच्या पुस्तकात अशा उलगडलेल्या आकृतीला 'घडण' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. डबी अजून झालेली नसते, पण तिची सगळी घडण कागदावर निमूटपणे पसरलेली असते. साध्या घनाच्या अशा निरनिराळ्या घडणी ११ होतात, बारावी निघत नाही. ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकाराने १५२५ साली छापलेल्या आपल्या भूमितीच्या ग्रंथात घनाकृती अशा उलगडून दाखवल्या होत्या. मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी आदराने माना हलवल्या. मग हिशेब मांडला. छपाईचा नेहमीचा कागद २१ सेंटीमीटर रुंद आणि २९.७ सेंटीमीटर लांब. त्यावर क्रूसासारखी घडण बसवायची म्हणजे रुंदीत तीन चौकोन आणि लांबीत चार. कान धरून बाजू फार तर ६ सेंटीमीटरची. "सर, यात एकच लाडू बसेल!" मागच्या बाकावरून आवाज आला. भूमितीचा इतका चटकन उपयोग झालेला मी तरी प्रथमच पाहिला.

पण खरी फजिती पुढेच होती. वेगळ्या झाकणाच्या डब्यांचे नमुने छापून आणले, मुलांनी ते मन लावून कापले, चिकटवले, आणि एकाही डबीवर झाकण बसेना. दुकानातल्या यंत्राने झाकणाचे पान 'कागदात मावेल असे' करून किंचित आक्रसून छापले होते, डबीचे पान मात्र मूळ मापाचे. फरक दोनतीन मिलिमीटरांचा. पण तेवढ्यावर सारा वर्ग रिकाम्या डब्या हातात घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

त्या क्षणी माझ्या कानांत ताईचा आवाज आला : "एक नख मोठं ठेव रे भाऊ."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी संक्रांत जवळ आली की वर्षभर साठवलेल्या लग्नपत्रिका ती बाहेर काढी. कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेल्या त्या जाड पत्रिकांच्या आम्ही तिळगुळासाठी डब्या करायचो. तिच्याकडे नमुना नव्हता आणि पट्टीही नव्हती. बोटाने माप घ्यायचे, आणि संपलेल्या रिफिलने रेघ दाबून मग दुमडायचे, म्हणजे घडी सुरीसारखी पडते. कागद आधी दोन्ही अंगांनी वाकवून पाहायचा. ज्या अंगाने सहज वाकतो तिकडे त्याचे तंतू, आणि तंतूंच्या दिशेने घातलेली घडी फुटत नाही. झाकण डबीपेक्षा एक नख मोठे. घट्ट झाले तर उघडताना डबी फाटते, सैल झाले तर वाटेतच निघते. आणि कान नेहमी आत. "दिसत नाहीत तेच धरून ठेवतात," ती म्हणायची. आज मी मुलांना २५० ग्रॅमचा कागद घ्या, ८० ग्रॅमचा लुळा पडतो, लाडवाखाली बटर पेपर घाला म्हणजे तूप पाझरणार नाही, असे शहाणपण सांगतो; पण त्यात तिच्या शिकवणीपेक्षा अधिक काही नाही. आमच्या जळगावचे सराफ दागिना गुलाबी कागदात गुंडाळून देतात, तसा एक चौकोन ती तिळगुळाखाली घालायची. आत चार हलव्याचे दाणे, पण थाट सोन्याचा!

आता ताई धुळ्याला असते. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले; एकाचे ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे. आमचीही वाटणी तशीच झाली म्हणायची. फक्त तिच्या वाट्याला काही आले नाही.

वडील गेल्यावर शेताच्या सातबाऱ्यावर नावे लावायची वेळ आली. वडिलांच्या मालमत्तेत मुलगी वारस, हे कायद्याने १९५६ सालीच सांगितले. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क दिला. हे मला ठाऊक होते. रीत मात्र निराळी, आणि रीत माझ्या सोयीची होती. दस्त लिहिणाऱ्याने हक्कसोडपत्राचा छापील नमुना पुढे केला. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या. ताईने चष्मा लावला आणि मला विचारले, "कुठे करू रे भाऊ?" मी बोट ठेवले. रेघ कुठे दाबायची ते जिने मला बोटाने दाखवले होते, तिला मी सही कुठे करायची ते दाखवले. तिने सही केली. चहा घेतला. मी दिलेली साडी पिशवीत घातली.

बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटते, असे आपल्याकडे म्हणतात. ताईने न मागताही ते तुटले. ती रुसली नाही, बोलायची थांबली नाही; फक्त त्यानंतर चार वर्षांत जळगावी राहायला म्हणून आली नाही. भाऊबीजेला मीच धुळ्याला जाई, आणि दरवर्षी पाकिटातली रक्कम थोडी वाढवी. पाकीट जड होत गेले, आणि ते ताटात ठेवताना माझा हातही.

गेल्या वर्षी मी पाकीट नेले नाही. स्वतः केलेल्या बेसनाच्या चार लाडवांसाठी डबी करायला बसलो. बारा सेंटीमीटर लांब-रुंद, सहा उंच. उलगडली तर चोवीस बाय चोवीस. छापील कागदात मावणारच नव्हती. अखेर पूर्ण कार्डशीट आणले आणि नमुन्याशिवाय, पंचवीस-तीस वर्षांनी, हाताने रेघा मारल्या. दोन डब्या वाया गेल्या. तिसरी जमली.

ब्रुकलिनमधल्या रॉबर्ट गेअर या कागदी पिशव्या करणाऱ्याची हकीकत मला आठवते. १८७९ साली त्याच्या छापखान्यात दुमड पाडण्याची धातूची पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्याच गेल्या. माल वाया गेला. पण त्यावरून त्याला सुचले की कापणे आणि दुमडणे एकाच दाबात होऊ शकते, आणि घडीच्या खोक्यांचा धंदा उभा राहिला. कापणे आणि दुमडणे यांत अंतर एवढेच. मी त्या दिवशी सही घेतली तेव्हा कागद दुमडतो आहे अशी माझी समजूत होती.

एरंडोल, पारोळा करीत एस.टी. धुळ्याला पोहोचेपर्यंत डबी माझ्या मांडीवर होती. तरी गर्दीत एक कान सुटलाच. ओवाळून झाल्यावर ताईने ताटातली डबी उचलली, डोळ्यांजवळ नेली, झाकण काढून पुन्हा बसवून पाहिले. "एक नख," ती एवढेच म्हणाली. मग सुटलेला कान दिसला. आत जाऊन तिने भाताची दोन शिते आणली, अंगठ्याने चुरडून कानाला लावली, आणि तो आत घालून दोन बोटांत धरून बसली.

"ताई, त्या कागदाचं..." मी सुरुवात केली.

"आत्ता बोलू नको. माझा हात हलेल," ती म्हणाली. "आधी वाळू दे."

मी गप्प बसलो. बऱ्याच वेळाने तिने बोटे काढली. तोवर जेवणाची पाने मांडली गेली होती.

परतल्यावर मी वकिलांकडे जाऊन आलो. सोडलेला हिस्सा परत द्यायचा तर बक्षीसपत्र करता येते. १८८२ च्या कायद्याप्रमाणे जमिनीचे बक्षीस नोंदवावे लागते, त्यावर दोन साक्षीदार लागतात. आणि आणखी एक अट आहे : घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय बक्षीस पुरे होत नाही. एवढी वर्षे तिच्या ताटात पाकिटे टाकताना ती ते स्वीकारते आहे की नाही, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

घरात सगळे म्हणतात, काय नमुना आहे. सही झालेली जमीन कोणी परत देते का? म्हणोत. बक्षीसपत्राचा मसुदा तयार आहे. ताईने होकार दिला तरच पुढची पायरी. तो देईल की नाही, मला ठाऊक नाही. या दिवाळीसाठी मी एक लांबट डबी करतो आहे. आत खाली गुलाबी कागद घातला आहे. कान सगळे आत आहेत, आणि दोन दिवसांपासून वाळत ठेवले आहेत. झाकण एक नख मोठे ठेवले आहे.