वीस शिलिंगांचा खटला

18 जून, निशातगंज, लखनौ
लू अशी की दुपारी करामत मार्केटातही शुकशुकाट. पडदे ओढून इंग्लंडच्या पार्लमेंटचा सभासद जॉन हॅम्पडनबद्दल वाचत बसलो. 1643 साली याच तारखेला चॅल्ग्रोव्हच्या लढाईत त्याच्या खांद्याला जबर जखम झाली. समोर राजाच्या बाजूने लढणाऱ्या राजपुत्र रूपर्टचं घोडदळ होतं. गोळी लागली की त्याचंच पिस्तूल फुटलं, यावर अजून वाद आहे. मला मात्र त्याच्या लढाईपेक्षा त्याचा खटला मोठा वाटतो.

20 जून
इंग्लंडच्या चार्ल्स राजाने 1629 पासून पार्लमेंट बोलावलंच नव्हतं. पैसा तर हवाच. मग लढाईच्या प्रसंगी आरमारासाठी किनाऱ्यावरून घ्यायचा ‘शिप मनी’ त्याने 1635 पासून साऱ्या देशावर लादला. हॅम्पडनचं बकिंगहॅमशायर समुद्रापासून लांब. माणूस गडगंज जमीनदार. एका जमिनीवरचे वीस शिलिंग त्याला काय जड होते? पण पार्लमेंटने मंजूर न केलेला कर द्यायचा नाही, यावर तो अडून बसला. त्यावर खटला झाला. 1638 मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सात राजाकडे गेले, पाच त्याच्याकडे. तो हरला. तरी पाच न्यायाधीशांनी राजाची साथ दिली नाही ही गोष्ट देशभर झाली आणि वसुली आटत गेली. पुढे पुन्हा भरलेल्या पार्लमेंटने 1641 मध्ये तो कर बेकायदा ठरवला.

21 जून
4 जानेवारी 1642. राजा शिपाई घेऊन स्वतः सभागृहात शिरला, पाच सभासदांना धरायला. हॅम्पडन त्यांतला एक. पाचही जण आधीच होडीतून निसटले होते. त्याच वर्षी यादवी पेटली. हॅम्पडनने हिरव्या कोटांची आपली पलटण उभारली. पुढे युद्धखर्चासाठी पार्लमेंटनेही दर आठवड्याची आकारणी सुरू केली. हे मला टोचतं. सभागृहाने ठरवली म्हणून ती गरिबाला हलकी झाली नसणार.

23 जून
संध्याकाळी शेजारची मुलगी वही घेऊन आली. स्पर्धा परीक्षा देतेय. “अंकल, कलम 265 ज़रा समझा दीजिए.” आपल्या राज्यघटनेचं ते कलम सांगतं: कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही, वसूलही करता येत नाही. तिला हॅम्पडन सांगितला, मग आपलं लखनौ. डिसेंबर 1916 मध्ये टिळक इथे काँग्रेसला आले होते. तेव्हा मंजूर झालेल्या काँग्रेस-मुस्लिम लीग योजनेत अंदाजपत्रक कायदे कौन्सिलच्या मतास टाकावं, अशी मागणी होती. तिने पेन्सिलीने 1916 भोवती गोल काढला आणि 265 पर्यंत बाण ओढला.

24 जून
सहा दिवस तळमळून हॅम्पडन आजच्या तारखेला थेम गावी वारला. युद्धाचा निकाल त्याने पाहिला नाही.
सभागृहाच्या मंजुरीसाठी तो अडून बसला; आपल्या लोकसभेत मात्र कित्येक खात्यांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात. आपला खासदार यंदा अंदाजपत्रकावर काय बोलला, हे प्रत्येकाने त्याला विचारायला हवं.