चन्याच्या दोन पाण्यांमध्ये विशाखापट्टणम

आजची नोंद अर्धी वावरातली आणि अर्धी घरातली आहे. ज्यांना फक्त संत्रा-चना वाचायचा त्यांनी मधला भाग सोडून दिला तरी चालेल.

यंदा डिसेंबरात घरची सात माणसं घेऊन विशाखापट्टणमला पाणबुडी पाहायला जायचं ठरवतो आहे. काटोल तालुक्यातला कास्तकार आणि पाणबुडी, हसा खुशाल. समुद्र आपल्यापासून किती लांब! पण आमचे थोरले दादा नौदलात होते. १९७५ मध्ये अठराव्या वर्षी घरून गेले आणि पंधरा वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच पाणबुडीवर, इंजिनाच्या कामात. घरी आल्यावर त्याविषयी बोलले म्हणून मला आठवत नाही. पेटीत एक फोटो आणि टोपीची काळी पट्टी होती, ती दिवाळीच्या साफसफाईत माझ्या नातीला सापडली. नात सहावीत. तिनं विचारलं, "मोठे आबा, तुमची पाणबुडी कुठंय आता?" दादा म्हणाले, "भंगारात गेली." पोरीचं तोंड पडलं. मग तिनंच मोबाईलवर शोधून काढलं, की त्याच जातीची एक बोट विशाखापट्टणमला किनाऱ्यावर उभी करून ठेवली आहे, आत जाऊन पाहता येते.

तिचं नाव आयएनएस कुरसुरा. रशियन बनावटीची, कलवरी वर्गातली. १८ डिसेंबर १९६९ ला आपल्या नौदलात आली, म्हणजे माझ्याच वयाची. १९७१ च्या लढाईत गस्तीवर होती. २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली. ती ३१ वर्षांत सुटली, मी अजून रात्रीची मोटार लावतो. तोपर्यंत ७३,५०० सागरी मैल फिरून झाली होती, आपल्या हिशेबात सव्वा लाख किलोमीटरच्या वर. मग तिला ओढून रामकृष्ण बीचवर आणलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये लोकांसाठी उघडलं. लांबी ९१ मीटर. आपला बगीचा ६ बाय ६ वर लावलेला असेल तर एका ओळीतली पंधरा झाडं मोजा, तेवढी. रुंदी साडेसात मीटर, आणि त्यात ७५ माणसं.

आता तारखेचं. नोकरीवाल्याला रजा मिळाली की तारीख ठरते, आपल्याला पीक विचारावं लागतं. त्यात रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे चना जमिनीत पडायच्या वेळीच डिसेंबरातला दिवस पक्का करायचा. मी असा हिशेब केला. चना १५ ऑक्टोबरच्या आसपास पेरून होतो. पहिलं पाणी फुलावर यायच्या आधी, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरचा शेवट. दुसरं घाटे भरताना, पासष्ट-सत्तर दिवसांनी, म्हणजे २० डिसेंबरच्या पुढं. मध्ये जवळपास तीन आठवडे चन्याला माझी गरज नाही. आंबियाचा माल तोवर तुटून जाईल आणि बगीचा ताणावर राहील. ताणाच्या दिवसांत पाणी द्यायचंच नसतं, उलट कास्तकार घरी नसलेला बरा, हात शिवशिवत नाहीत! आमची जमीन भारी काळी आहे, तिला ताण बसायला वेळ लागतो, त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीलाच पाणी तोडतो. भीती एकच, मध्येच अवकाळी आला तर ताण मोडतो. तसं झालं तर क्लोरमेक्वाट क्लोराईडची फवारणी धाकट्याला सांगून ठेवली आहे. तो मागं थांबतो आहे, सालदार सोबतीला आहे. पऱ्हाटीच्या दुसऱ्या वेच्याला मजूर मिळाले तर ठीक, नाही मिळाले तर मी घरी असून तरी कुठून आणणार होतो? रानडुकरांची जागल मात्र रोजची आहे, तिला सुट्टी नाही.

नातीला ८ डिसेंबर हवा होता. त्या दिवशी १९६७ मध्ये आपली पहिली पाणबुडी कलवरी नौदलात आली, तो पाणबुडी दिवस पाळतात. पण यंदा ८ तारखेला सोमवार आहे आणि सोमवारी ते संग्रहालय बंद असतं. हे आधी पाहिलं म्हणून बरं, नाहीतर सात माणसं बीचवर भेळ खाऊन परत आली असती. म्हणून त्याच आठवड्यातला पुढचा दिवस धरला. नागपूरहून गोंदिया, रायपूर, रायगडा असं करत समता एक्स्प्रेस थेट विशाखापट्टणमला जाते. ती रोज नसते, तेही जुळवावं लागलं. एक रात्र गाडीतच जाते. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घरून. रस्त्यापलीकडंच नौदलाचं मोठं टीयू-१४२ विमान ठेवलं आहे, तेही त्याच दिवशी होतं. म्हणजे एक अख्खा दिवस तिथं आणि बाकी प्रवास.

सगळं जुळलं, अडलं ते दादांवर. ते म्हणाले, "तुम्ही जा. मी येत नाही." वहिनी म्हणाल्या, गुडघे दुखतात म्हणून. गुडघे दुखतात हे खरंच आहे. पाणबुडीत एका भागातून दुसऱ्या भागात जायला दार म्हणजे गोल भोक असतं, पाय आधी टाकून वाकून आत जावं लागतं. असे सात भाग. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला सोपं नाही. मीही तेवढ्यावर सोडून दिलं असतं.

गेल्या आठवड्यात बगीच्याला रात्रीची लाईन होती. मोटार लावायला निघालो तर दादा बॅटरी घेऊन मागं आले. विहिरीच्या काठावर बसलो. मी सहज विचारलं, "खाली पाण्यात असताना इंजिन चालायचं का?" ते म्हणाले, "आपल्या विहिरीत इंजिन उतरवायचे तेव्हा काय व्हायचं?" जुन्या लोकांना आठवत असेल. पाणी खाली गेलं की डिझेल इंजिन विहिरीच्या टप्प्यावर उतरवायचे, धूर आत कोंडायचा आणि बंद करायला उतरलेला माणूस वर यायचा नाही. आमच्या भागात असे गेलेले लोक आहेत. दादा म्हणाले, तिथंही तेच, डिझेल इंजिनाला हवा पाहिजे. म्हणून बोट वर आली, किंवा हवा ओढायचा नळ पाण्याबाहेर काढला, की तीन डिझेल इंजिनं चालवून बॅटऱ्या भरून घ्यायच्या, आणि खाली गेली की फक्त बॅटरीवर. "तुमची लाईन रात्रीची, आमचीही रात्रीचीच," म्हणाले. रात्री वर यायचं, कारण दिवसा दिसलो तर संपलो. हे मला जितकं लवकर कळलं तितकं कोणत्या शाळेत कळलं नसतं.

पिण्याचं पाणी मोजून. आंघोळीचं नावच नको. अंगाला, कपड्यांना, भाताला डिझेलचा वास. ते सुट्टीवर यायचे तेव्हा आई त्यांचे कपडे सोड्यात भिजवून तीनदा धुवायची, हे मलाही आठवलं. तेव्हा मला वाटायचं, दादा कुठंतरी मोटारीच्या कारखान्यात असतात.

मग मी ते विचारलं जे एकोणचाळीस वर्षांत विचारलं नव्हतं. १९८६ मध्ये आमचे बाबा वारले. मी आदल्या वर्षी दहावी पास झालो होतो, पुढं शिकायचं होतं. तार केली. दादा मातीला आले नाहीत, तेरवीलाही आले नाहीत. बाविसाव्या दिवशी दारात उभे राहिले. तोवर मी वखराला लागलो होतो आणि मग लागलोच. तेव्हापासून पाहुण्यारावळ्यांत मी एक वाक्य कितीदा बोललो असेन, "नोकरीवाल्याला काय, त्याला पगार आहे." त्यांच्या समोरही बोललो आहे.

दादा म्हणाले, "बोट बाहेर होती. बंदराला लागली तेव्हा तार हातात दिली. तारीख पाहिली तर इकडं तेरवी होऊन गेली होती. त्या दिवशी मी कुठं होतो ते तेव्हा सांगता येत नव्हतं आणि नंतर सांगून काय करणार होतो?" मी म्हटलं, "मला तरी सांगायचं." ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस." हे खरं होतं. मोटारीचा आवाज होता म्हणून बरं, पुढं दोघांनाही बोलावं लागलं नाही.

ज्या विहिरीवर बसलो होतो ती १९८८ मध्ये त्यांच्याच मनिऑर्डरवर खोदलेली. चन्याचं जे पाणी मी दिमाखानं मोजतो ते तिचंच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कोणी विचारलं की मी म्हणायचो, "विहीर मी खोदली." खोदली मीच होती, तेही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला जाऊन सातही तिकिटं काढली. दादांना आणि वहिनींना खालचे बर्थ मिळाले. घरी येऊन सांगितलं, "तुमचंही काढलं. आत नाही गेलात तर बाहेर वाळूवर बसा, समुद्र तर पाहाल." ते काही बोलले नाहीत. नातीनं त्यांना वाचून दाखवलं, की तिथं माहिती सांगणारे लोकही निवृत्त नौसैनिकच आहेत. तेव्हा एवढंच विचारलं, "कोण कोण आहेत?" नावं कुठून सांगणार? संध्याकाळी पाहिलं तर ओसरीवर खुर्चीला धरून गुडघे वाकवत होते. मी पाहिलं हे त्यांना कळू दिलं नाही. रात्री जेवताना म्हणाले, "काहून बे, चन्याचं दुसरं पाणी वीस तारखेच्या पुढं म्हणतोस, पण खालच्या तुकड्यात ओल कमी आहे. तिथं चार दिवस आधी लागेल. परतीचं सोळाच्या आत धर." परतीचं १३ चं आहे, मी म्हटलं. "हाव, मग चालते," म्हणाले.

हे येणार म्हणून बोलले की नुसता शेतीचा सल्ला दिला, ते घरात अजून कोणाला ठरवता आलेलं नाही. वहिनींनी त्यांचा स्वेटर मात्र उन्हात टाकला आहे. विशाखापट्टणमला डिसेंबरात स्वेटर लागतो का, हेही कोणी सांगा.

आणि एक खरी विनंती. तुमच्यापैकी कोणी कुरसुरा आतून पाहिली असेल तर एवढं कळवा, की चढायच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत, आतल्या त्या गोल दाराचा उंबरठा जमिनीपासून साधारण किती उंच आहे, आणि मध्येच थकवा आला तर माणसाला बाजूला उभं राहायला जागा आहे का. शक्य झालं तर वीत किंवा फुटात सांगा. घरी पाट ठेवून तेवढ्या उंचीचा सराव करून घेता येईल.